भांडण मुलांसमोर, समेट बंद दाराआड

पालकसभेला बाहेरचा वक्ता बोलावला की तो हमखास एक वाक्य बोलून जातो : मुलांसमोर भांडू नका. समोरच्या आया माना डोलावतात, बाप मोबाइल खिशात टाकून टाळ्या वाजवतात, चहा-बिस्किटं होतात आणि सगळे आपापल्या घरी जातात. इचलकरंजीतल्या एका माध्यमिक शाळेत गणित शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. हे वाक्य इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की आता त्याचा रागच येतो.

एक तर हा सल्ला ज्यांच्या घरात आतून कडी लागणारी दुसरी खोली आहे, त्यांच्यासाठी आहे. आमच्या वर्गात यंत्रमाग कामगारांची मुलं पुष्कळ. दहा बाय बाराची खोली, त्यातच मोरी, त्यातच ओटा, खाटेवर आजोबा आणि लोखंडी पेटीवर वही ठेवून गृहपाठ करणारा मुलगा. बाप बारा तासांची रात्रपाळी करून सकाळी घरी येतो, तेव्हा आई कांड्या भरायला निघायच्या घाईत असते. नवरा-बायको एकमेकांच्या समोर असतात ते तेवढाच वेळ. मजुरी किती झाली, भिशीचे पैसे कुठे गेले, धाकट्या दिराला परस्पर हजार रुपये का दिले, हे सगळं त्या अर्ध्या तासात बसवायचं असतं. मुलांसमोर नको तर मग कुठे, पंचगंगेच्या घाटावर जाऊन?

आणि खरं सांगायचं तर मुलांच्या कानावर भांडण पडतं, याचं मला तितकंसं वाईट वाटत नाही. समेट त्यांच्या नजरेला पडत नाही, याचं वाटतं. भांडण होतं भर दिवसा, सगळ्यांदेखत. मिटतं मात्र रात्री, मुलं झोपल्यावर. किंवा मिटत नाहीच, नुसतं विरून जातं. गणिताच्या बाईला सुचेल तसं सांगते : आपण फळ्यावर अवघड उदाहरण घालतो आणि पायऱ्या लिहायची वेळ आली की फळा पुसून टाकतो. पुढे त्याच मुलानं बायकोशी, भावाशी, साहेबाशी नीट जमवून घ्यावं अशी अपेक्षा धरतो. कुठून जमवणार? त्यानं उत्तर काढताना कुणाला पाहिलेलंच नाही.

आरडाओरड्याची निदान लोकांना लाज तरी वाटते. अबोल्याला आपल्याकडे उलट प्रतिष्ठा आहे. "आम्ही मुलांसमोर कध्धी भांडत नाही हो बाई, मी सरळ बोलणंच बंद करते," असं एका शिकलेल्या आईनं मला मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं. तिचा मुलगा तेव्हा सातवीत होता आणि शेजारीच उभा होता. तो बुटाच्या टोकानं फरशीची फट उकरत होता.

माझे वडील मागाच्या कारखान्यात जॉबर होते, आई तिथेच कांड्या भरायची. कारखान्याची भिंत आणि आमची भिंत एकच. त्यामुळे आमच्याकडे साधं 'मीठ दे' म्हणायचं तरी ओरडून. आई-आप्पांची भांडणंही अर्थात ओरडूनच व्हायची आणि शेजाऱ्यांना त्यात वेगळं काही जाणवायचं नाही. अबोला मात्र लगेच जाणवायचा, कारण घरात नुसता मागांचा खडखडाट राहायचा. निमित्त बहुतेक वेळा काकांना दिलेले उसने पैसे. मग सगळा व्यवहार माझ्यामार्फत. आप्पा आईपासून चार हातांवर बसलेले, तरी आई मला म्हणायची, "तुझ्या आप्पांना म्हणावं, वाढलंय, गिळा." आप्पांनी ते ऐकलेलं असायचं. तरी ते माझ्याकडे बघत थांबायचे. मी वळून सांगायची, "आप्पा, आई जेवायला बोलावतीय." आप्पा म्हणायचे, "सांग तिला, मला भूक नाही. तिच्या भावाला बोलाव म्हणावं पंगतीला." मी आईकडे वळायची : "थोड्या वेळानं जेवतो म्हणाले." सात-आठ वर्षांची असेन. मूळ शब्द दोघांनीही ऐकलेले, मी त्यात केलेल्या दुरुस्त्याही दोघांनी ऐकलेल्या, आणि तरी हा प्रकार बिनबोभाट चालायचा. लेकी बोले सुने लागे म्हणतात, त्यातल्या लेकीचं काय होतं हे कुणी विचारत नाही.

मग एखाद्या सकाळी उठावं तर दोघं रेशनच्या रॉकेलबद्दल बोलत असायची, काही झालंच नसल्यासारखी. आधी कोण बोललं, पैशांचं काय ठरलं, आईचं पटलं की आप्पांचं, काही कळायचं नाही आणि विचारायची सोय नव्हती. भांडण आपलं आपण येतं आणि आपलं आपण जातं, त्यात माणसानं करण्यासारखं काही नसतं, अशीच माझी पुष्कळ वर्षं समजूत होती. निरोप मऊ करून पोचवण्याची सवय मात्र कायमची लागली. शिक्षकांच्या खोलीत दोघांचं बिनसलं की लोक माझ्याकडे यायचे : बाई, तुम्हीच सांगा त्यांना. मी सांगायची, आणि सांगताना त्यातली धार काढून सांगायची. सगळे मला समजूतदार म्हणायचे. मला स्वतःला काय हवंय हे स्पष्ट म्हणायची वेळ आली की मात्र जीभ जड व्हायची.

आता निरोप्या मुलाची जागा फोननं घेतली आहे असं कुणी म्हणेल. घेतलीय, पण अर्धीच. एका आठवीतल्या मुलीनं सांगितलं की रात्री आई स्वयंपाकघरात आणि बाबा सोफ्यावर बसून एकमेकांना व्हॉट्सअॅप करत असतात. तिला मजकूर दिसत नाही. पण आईच्या फोनची टिंग वाजली की थोड्या वेळानं बाबांची वाजते, आणि टिंगांमधलं अंतर कमी झालं की भांडण तापलंय हे तिला बरोबर कळतं. ही मुलगी वर्गात साध्या समीकरणात चिन्ह चुकवायची. घरातला हा हिशेब मात्र तिचा कधी चुकत नव्हता.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ मार्क कमिंग्ज यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयात अनेक वर्षं काम केलं. १९८० च्या दशकाच्या अखेरीस आणि १९९० च्या सुरुवातीला त्यांनी केलेले प्रयोग अगदी साधे होते. मुलांना मोठ्या माणसांची, मुद्दाम घडवून आणलेली भांडणं दाखवायची आणि त्यांच्यावर काय परिणाम होतो ते बघायचं. काही भांडणं शेवटी मिटायची, काही अर्धवट सुटायची, काहींत नुसतं तोंड फिरवून बसणं असायचं. मिटलेलं भांडण बघून मुलं बऱ्यापैकी सावरत होती. न मिटलेल्यानं अस्वस्थ होत होती. आणि शब्दही न उच्चारता धरलेला राग मुलं रागच समजत होती. आवाज चढला नाही म्हणून त्यांनी मोठ्यांना सूट दिली नाही. मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटलं ते पुढचं : मिटताना प्रत्यक्ष दिसलं नाही, पण मिटल्याचं नंतर कुणी मुलांना सांगितलं, तरी त्यांचा ताण हलका होत होता. म्हणजे एकच खोली असो की बंगला, रात्री मिटवलं असेल तर सकाळी एक वाक्य बोलायला काय लागतं? "काल आमचं वाजलं होतं ना, ते आम्ही मिटवलं. काकाला आता विचारूनच पैसे द्यायचे ठरलंय." माझ्या आई-आप्पांपैकी कुणी एवढं बोललं असतं, तर मला एका अख्ख्या प्रकरणाचा शेवट कळला असता.

लहान मुलांना काय कळतंय, हे तर आपलं आवडतं पालुपद. २०१३ साली ऑरेगॉन विद्यापीठातल्या संशोधकांनी सहा महिने ते वर्षभराच्या तान्ह्या बाळांना झोपलेल्या अवस्थेत निरनिराळ्या स्वरांतली, अर्थ नसलेली वाक्यं ऐकवली आणि त्याच वेळी त्यांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं. ज्यांच्या घरात भांडणं जास्त होती, त्या बाळांच्या मेंदूत रागाच्या स्वराला जास्त तीव्र प्रतिसाद उमटला. बाळं मोजकीच होती, तेव्हा त्यावरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत. पण 'झोपलाय तो, बोल तू' असं म्हणण्याआधी थांबायला एवढंही पुरे.

वर्गात बसल्या बसल्या हे सगळं दिसतं, फक्त शिक्षकानं प्रगतिपुस्तकावरून नजर वर काढायला हवी. एक मुलगा होता, कुणी काही बोलायच्या आत 'सॉरी बाई' म्हणायचा. खडू सापडला नाही, सॉरी. पंखा बंद पडला, सॉरी. दुसरा एक होता, मागच्या बाकावर कंपासपेटीवरून दोघांची जुंपली की हा मध्ये पडून माकडचेष्टा सुरू करायचा. सगळे हसले, भांडण विसरले की त्याचा जीव भांड्यात पडायचा. सगळे त्याला विनोदी म्हणायचे. एकीनं मला सांगितलं होतं की बाबा मोटरसायकल स्टँडवर कशी लावतात, यावरून ती ओळखते आज अभ्यासाचं पुस्तक काढून बसायचं की अंगणात खेळत राहायचं. आणि काही पोरं याच्यातनं पक्की व्यवहारी होतात. आई-बाबा बोलत नाहीत म्हटल्यावर सहलीची परवानगी दोघांकडून वेगवेगळी घेतात, पैसेही दोघांकडून घेतात. अशी एक दुहेरी वसुली माझ्याकडेच उघडकीला आली होती. त्या मुलाला रागावावं की दाद द्यावी, कळेना.

सगळ्यांत वाईट भांडण मुलावरूनच होणारं. क्लास लावायचा की नाही, मार्क कमी का पडले, मोबाइल कुणी हातात दिला, 'तुझ्या लाडानं बिघडला', 'तुझ्या माहेरच्यांवर गेलाय'. जॉन ग्रिच आणि फ्रँक फिंचम यांनी १९९० साली मांडलेल्या विचारात हा मुद्दा ठळक आहे : मूल नुसतं भांडण ऐकत नाही, ते का झालं याचं कारण शोधतं, आणि ते कारण पुष्कळदा स्वतःमध्ये शोधतं. सहामाहीचा निकाल लागला की आमच्याकडे हे प्रकार वाढायचे. खरं दुखणं असतं सासऱ्यांच्या औषधाचं किंवा थकलेल्या हप्त्याचं. वड्याचं तेल वांग्यावर निघतं. वांगं बिचारं रात्रभर विचार करतं की मला अठ्ठावीसच्या ऐवजी पस्तीस पडले असते तर आई रडली नसती.

ज्या घरात कधीच आवाज चढत नाही, त्या घरांबद्दलही मला थोडं बोलायचंय. 'आमच्याकडे पन्नास वर्षांत शब्दाला शब्द झाला नाही' असं सांगणारे आजोबा प्रत्येक गल्लीत सापडतात. त्यांच्या शेजारी बसलेल्या आजींकडे बघावं. त्या हसतात, बोलत काहीच नाहीत. पन्नास वर्षांचा नेमही तोच असावा. अशा घरातून मुलगा शिकतो की एकानं गप्प बसलं की शांतता नांदते, आणि तो एक कोण हेही शिकतो. मुलगी तेच शिकते, दुसऱ्या बाजूनं. यापेक्षा मला टिळकांचं घर बरं वाटतं. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना तो तेव्हा पटला नाही आणि काही वर्षं दोघं वेगळी राहिली. नवरा-बायकोत मतभेद तरी याहून मोठा काय असणार! त्यात त्यांच्या लहानग्या मुलाची, दत्तूची ओढाताणही झाली. पण पुढे लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'मध्ये हे सगळं लिहिलं, तेव्हा नवऱ्याचा तापटपणाही लपवला नाही आणि स्वतःचा हट्टही लपवला नाही. त्या आठवणी लिहून काढाव्यात हा आग्रह त्याच दत्तूचा, देवदत्त टिळकांचा होता. आई-वडिलांची भांडणं जगापुढे यावीत असं एखाद्या मुलाला वाटतं, म्हणजे त्याला ती दोन्ही बाजूंनी आणि शेवटापर्यंत ठाऊक होती, असं मी धरून चालते.

इथे एक गोष्ट निक्षून सांगायला हवी, नाहीतर कुणी माझ्या बोलण्याचा भलता अर्थ काढील. मारहाण, धमक्या, दारू पिऊन केलेला तमाशा, बायकोला घराबाहेर काढणं, ही भांडणं नव्हेत. त्यात मुलांसमोर समेट दाखवा वगैरे काही नाही. त्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा आहे, बाईसाठी १८१ आणि मुलासाठी १०९८ हे फोन आहेत. सकाळी पाया पडून रडणारा आणि संध्याकाळी परत हात उचलणारा बाप मुलाला समेटाबद्दल जे शिकवतो, ते न शिकलेलं बरं.

उरलेल्या, म्हणजे तुमच्या-आमच्या भांडणांसाठी मला एक नमुना ठाऊक आहे. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक किराणा दुकान आहे. नवरा-बायको दोघं गल्ल्यावर बसतात आणि उधारीवरून भर गिऱ्हाइकात वाजवतात. तो म्हणतो माणूस ओळखीचा आहे, ती म्हणते ओळखीच्यानंच बुडवलंय. त्यांचा मुलगा माझ्या वर्गात होता, दुकानातच पोत्यावर बसून अभ्यास करायचा. एकदा मी साखर घ्यायला गेले तेव्हा चांगलीच जुंपली होती. बाई म्हणाली, "तुम्हाला नाही म्हणता येत नाही, एवढंच ना? मग मी म्हणते. पण नेमकं कितीला नाही म्हणायचं ते सांगा." तो धुसफुसत गोण्या लावत राहिला. थोड्या वेळानं म्हणाला, "पाचशेच्या वर नको." ती म्हणाली, "पाचशे जास्त होतात. तीनशे. आणि आजारपण असेल तर विचारायचं नाही, द्यायचं." तो म्हणाला, "बरं. मघाशी गिऱ्हाइकासमोर तुझ्यावर ओरडलो ते चुकलं." माझी साखर मोजून झाली होती तरी मी उगाच तूरडाळीचे भाव विचारत थांबले. पोत्यावरचा मुलगा वहीत मान घालून बसला होता, पण त्याचं पेन थांबलेलं होतं. दुसऱ्या दिवशी दुकानाच्या फळीवर खडूनं लिहिलेलं होतं : उधारी ३०० पर्यंत.

त्या वर्षी स्नेहसंमेलनाच्या गाण्यांवरून नववीच्या मुलांचे दोन तट पडले. मी मध्ये पडणार होते, पण हा मुलगा उठला आणि दुसऱ्या गटाच्या म्होरक्याला म्हणाला, "तुला नेमकं काय नको, तेवढं सांग." प्रश्न कुठला, हे मला लगेच कळलं.

मिटणं म्हणजे एकमत होणं असं समजायचं कारण नाही. सिएटलमध्ये जोडप्यांचा अनेक वर्षं अभ्यास करणारे जॉन गॉटमन सांगतात की नवरा-बायकोतले सुमारे ६९ टक्के वाद कायमचे असतात, कारण ते दोन स्वभावांतून आलेले असतात. किराणावाल्याचा हात सैलच राहणार आणि त्याची बायको जपूनच खर्च करणार. दर दिवाळीला तो आकडा बदलतो, दर दिवाळीला वाद होतो. मुलानं बघायचं ते एवढंच, की वाद झाला तरी दोघं एकाच गल्ल्यावर बसतात आणि काहीतरी ठरवून उठतात.

हे मी पालकसभेत बोलायला लागले की हमखास बापांच्या बाजूनं प्रश्न यायचा : मुलांसमोर 'चुकलं' म्हटलं तर मान काय राहील? माझं उत्तर ठरलेलं. मुलांसमोर ओरडताना मानाचा विचार केला होता का? यावर मागच्या रांगेतल्या आया हसायच्या आणि पुढच्या रांगेतले बाप घड्याळ बघायचे.

एकदा मात्र एका आईनं मला अडवलं. सभा संपल्यावर, जिन्यात. "बाई, तुमचं खरं आहे. पण ह्यांना मिटवायचंच नसलं तर? टाळी काय एका हातानं वाजवू?" प्रश्न रास्त होता. मी तिला म्हटलं, मग निदान तुमच्या हातात आहे तेवढं करा. लेकराला सांगा की आमचं बिनसलंय, ते तुझ्यामुळे नाही, आणि आमचे निरोप तू न्यायचे नाहीस. जेवायला हाक मारायची तर तुम्हीच मारा, राग असला तरी. ती काही बोलली नाही, पदर सारखा करून निघून गेली.

पुढच्या महिन्यात फी भरायला आली तेव्हा वर्गाच्या दारात थांबली. मी विचारलं, काय झालं?

"दोन दिवस मीच हाक मारली, ते उठलेच नाहीत. पोरगी मध्ये बोलायला गेली, तर तिला म्हटलं, तू जेव. तिसऱ्या दिवशी हे ताटावर येऊन बसले आणि म्हणाले, भाजीत मीठ नाही. मी म्हटलं, मला सांगताय ना? मग ऐकू आलं. आणि मग बाई, मिठावरनं जे भांडलोय म्हणता!"

"आणि पोरगी?"

"पोरगी जेवत होती."